जुन्या वर्तमानपत्रांचा ऑनलाइन शोध: खानदेशातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावातल्या एका सीनियर कॉलेजात ग्रंथपाल आहे. सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आली की इश्यू काउंटरवर गर्दी होते आणि तेच तेच प्रश्न येतात. कोणी एम. ए. इतिहासचं, कोणी मराठीचं, कोणी अर्थशास्त्राचं. आता चार वर्षांच्या पदवीमुळे शेवटच्या वर्षाची पोरंही संशोधन प्रकल्प घेऊन येतात. प्रत्येकाला तेच समजावून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. क्रम काही ठरवलेला नाही. जे जास्त विचारलं जातं ते आधी.

मॅडम, खूप शोधलं, काहीच सापडलं नाही. म्हणजे बातमी छापलीच नव्हती का?

मी उलट विचारते, काय टाइप केलं होतं? गेल्या वर्षी एका मुलीनं सांगितलं, "फैजपूर काँग्रेस अधिवेशन." डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावटीला शांतिनिकेतनहून आलेले नंदलाल बोस, आणि गाव आपल्या यावल तालुक्यातलं. एवढी मोठी घटना आणि स्क्रीनवर शून्य निकाल. पोरीचं तोंड उतरलं होतं.

आम्ही दोघी तिथेच संगणकावर बसलो. पहिली गोष्ट, तिनं चार शब्द एकदम टाकले होते आणि ते चारही शब्द त्याच क्रमानं बातमीत असतील अशी अपेक्षा होती. एकच शब्द ठेवला: फैजपूर. मग आठवलं की त्या काळी मराठीत काँग्रेसला 'राष्ट्रीय सभा' म्हणायचे आणि काँग्रेसच्या अध्यक्षाला सर्रास 'राष्ट्रपति'. शेवटचा ति ऱ्हस्व. आज 'राष्ट्रपती' म्हटलं की राष्ट्रपती भवन डोळ्यांसमोर येतं, पण १९३६ च्या अंकात तो शब्द नेहरूंसाठी येऊ शकतो. अधिवेशनाच्या जागेला 'टिळकनगर' नाव दिलं होतं, त्यामुळे बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव फैजपूर नसून टिळकनगर असू शकतं. इंग्रजी पत्रांत तेच 'तिलक नगर'. असे सात-आठ शब्द एका कागदावर लिहिले, तारीख २० डिसेंबर ते १० जानेवारी अशी धरली आणि एकेक शब्द स्वतंत्र टाकत गेलो. दुपारच्या चहापर्यंत तिच्याकडे दोन पानं भरून नोंदी झाल्या होत्या.

तेव्हा 'सापडलं नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी टाकलेला शब्द त्या पानावर यंत्राला दिसला नाही' एवढाच असतो. प्रबंधात 'तत्कालीन वृत्तपत्रांनी या घटनेची दखल घेतली नाही' असं वाक्य लिहायच्या आधी निदान पुढचे चार-पाच प्रश्न वाचा.

इंग्रजी वर्तमानपत्रांत आपल्या गावांची नावं कशी शोधायची?

साहेबाला ऐकू आलं तशी. धुळे हे 'धुलिया' आहे, त्याचं स्पेलिंग डी-एच-यू-एल-आय-ए. आजच्या स्पेलिंगनं शोधलंत तर जुनी निम्मी बातमी हातची गेली समजा. तापी ही 'टॅप्टी', शेवटी कधी एक आय तर कधी दोन ई. खुद्द खानदेश एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी अक्षरानं, 'कँडिश' असा लिहिलेला दिसतो. भुसावळच्या शेवटी कधी व्ही-ए-एल, कधी डब्ल्यू-ए-एल. यावलचंही तसंच. चोपड्याचं 'चोपरा' होतं. माणसांची नावं तर विचारूच नका. १८५८ च्या, इंग्रज आणि भिल्ल यांच्यातल्या आंबापाणीच्या लढाईवर काम करायचं असेल तर 'खाज्या नाईक' बरोबर 'काजी' या धाटणीची स्पेलिंगंही टाकून बघावी लागतात.

यावर माझा उपाय साधा आहे. १८८० चं खानदेश गॅझेटिअर इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. तुमच्या विषयातली गावं त्यात कशी लिहिली आहेत ते पाहा आणि तीच स्पेलिंगं उचला.

जिल्ह्याच्या नावानं शोधलं तर?

शोधा, पण नकाशा डोक्यात ठेवून. १९०६ पर्यंत अख्खा एकच खानदेश जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं नंतरची. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. त्याआधीची नंदुरबारची प्रत्येक बातमी धुळे जिल्ह्यात किंवा पश्चिम खानदेशात आहे. सरदार सरोवराच्या बुडितातलं मणिबेली गाव घ्या. अक्कलकुवा तालुक्यातलं. १९९० च्या आसपासच्या बातम्यांत ते 'धुळे जिल्ह्यातील मणिबेली' असंच येतं. 'नंदुरबार' टाकून मणिबेली शोधणारी दोन पोरं माझ्यासमोर हिरमुसून परत गेली आहेत, तेव्हा मलाही हे चटकन सुचलं नव्हतं.

मराठीत टाइप करून शोधतो, तरी निकाल कमी का येतात?

याला तीन-चार कारणं आहेत आणि सगळी आपल्या भाषेची आहेत.

एक, सामान्यरूप. 'धुळे' शोधलंत तर 'धुळ्यात', 'धुळ्याच्या', 'धुळ्यास' सापडेलच असं नाही, कारण संकेतस्थळाच्या दृष्टीनं ते वेगळे शब्द आहेत. 'फैजपूर' मधला पू दीर्घ, पण 'फैजपुरात' मधला पु ऱ्हस्व. ज्या संग्रहात शब्दाच्या शेवटी तारांकित चिन्ह (*), म्हणजे 'पुढे काहीही असलं तरी चालेल', चालतं तिथे 'धुळ्या' एवढंच लिहून पुढे ते चिन्ह द्या. चालत नसेल तर प्रत्येक रूप वेगळं टाका. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

दोन, जुनं शुद्धलेखन. आजचे नियम १९६२ नंतर आले. त्याआधी 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत', 'झालें' असंच छापलं जाई. म्हणून 'जळगांव', 'चाळीसगांव', 'धुळें' अशी अनुस्वारासह रूपं टाका. 'अमळनेर' आणि 'अंमळनेर', 'खानदेश' आणि 'खान्देश', 'नंदुरबार' आणि 'नंदूरबार' दोन्ही बघा. आपल्यातच अजून यावर एकमत नाही, तर शंभर वर्षांपूर्वीच्या कंपोझिटरकडून काय अपेक्षा ठेवायची?

तीन, संगणकाची गंमत. 'शेतकऱ्यांचा' या शब्दातला तो अर्धा र दोन वेगळ्या तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन शब्द वाटतात. 'ॲ' या अक्षराचंही तसंच आहे. त्यामुळे शेतकरी हा विषय असेल तर 'शेतकरी', 'शेतसारा', 'कास्तकार', 'रयत' असे त्या अर्ध्या र चा घोळ नसलेले शब्द टाका. किंवा आधी एखादी बातमी सापडू द्या, तिच्यातला शब्द तिथूनच कॉपी करा आणि शोधाच्या चौकटीत चिकटवा. ही युक्ती मला एका बी. सी. ए. च्या मुलानं शिकवली.

चार, २००० ते २००८ च्या सुमाराची मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं. तेव्हा युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत, रुळलेलं नव्हतं, बहुतेकांचा आपापला फॉन्ट होता. ती पानं आज उघडली की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. तिथे मराठी शब्द टाकून शोध लागत नाही. तारखेनं जावं लागतं.

ओसीआर म्हणजे काय? आणि त्यानं वाचलेला मजकूर तसाच घेतला तर चालेल का?

जुनं पान स्कॅन झालं की ते निव्वळ चित्र असतं. त्या चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येईल असा मजकूर तयार करणारं जे सॉफ्टवेअर, ते ओसीआर. इंग्रजीत ते बऱ्यापैकी चालतं. देवनागरीत शिरोरेषेनं अक्षरं एकमेकांना जोडलेली, वर-खाली मात्रा, त्यात झिजलेले खिळे आणि पातळ कागदातून पलीकडच्या पानाची शाई उमटलेली. मग यंत्र 'घ' चा 'ध' करतं, 'भ' चा 'म', 'ब' चा 'व'. सगळ्यात मजा 'ख' ची. जुन्या वळणाचा 'ख' हा 'रव' सारखा दिसतो. तेव्हा कधीतरी 'रवानदेश' असाही शोध घेऊन पाहा. हसू नका.

उतारा मात्र चित्रावरून, स्वतःच्या डोळ्यांनी वाचूनच उतरवायचा. आकड्यांच्या बाबतीत तर यंत्रावर अजिबात विसंबू नका. १ चा ९, ३ चा ८ कधी होईल सांगता येत नाही. तुमच्याकडे स्वतः काढलेला फोटो असेल तर तो गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा. मराठी मजकूर बराचसा टाइप होऊन मिळतो. टाइप करायचे कष्ट वाचतात, तपासायचे नाहीत.

कोणते संग्रह वापरायचे? आणि पैसे पडतात का?

इंग्रजी पत्रांपासून सुरुवात करा, कारण ती जास्त स्कॅन झाली आहेत. टाइम्स ऑफ इंडियाचे १८३८ पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या कंपनीच्या ऑनलाइन संग्रहात आहेत. पहिली काही वर्षं ते पत्र 'बॉम्बे टाइम्स' या नावानं निघायचं, हे लक्षात ठेवा. हा संग्रह सशुल्क आहे आणि वर्गणी संस्था भरते. एकट्या विद्यार्थ्यानं त्यासाठी खिसा रिकामा करू नये. आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा, तिथे नसेल तर मुंबई-पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयात दोन दिवस जाऊन बसायची तयारी ठेवा.

फुकट पाहायचं तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा 'ग्रंथ संजीवनी' हा डिजिटल संग्रह आहे. त्यातलं 'बॉम्बे क्रॉनिकल' खानदेशच्या स्वातंत्र्यचळवळीवर काम करणाऱ्यानं बघितलंच पाहिजे. फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये सुरू केलेलं हे पत्र राष्ट्रीय विचारांचं होतं, त्यामुळे जिथे टाइम्स दोन ओळींत गुंडाळतो तिथे क्रॉनिकल सविस्तर लिहील ही शक्यता मोठी. त्याचे पुष्कळ अंक इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावरही आहेत. गूगलनं २००८ मध्ये जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करायला घेतली होती. २०११ मध्ये ते काम थांबलं, पण झालेलं स्कॅनिंग पाहता येतं आणि त्यात इंडियन एक्सप्रेसही आहे. तिथली शोधाची चौकट भरवशाची नाही. तारखेनं अंक उघडायचा आणि पानं उलटायची, अगदी वाचनालयात बसल्यासारखं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'ट्रोव्ह', न्यूझीलंडचा 'पेपर्स पास्ट' आणि सिंगापूरचा 'न्यूजपेपर एसजी' हे तिन्ही मोफत आहेत. जळगावच्या पोरानं सिंगापूरचं वर्तमानपत्र कशाला बघायचं? कापसासाठी बघायचं, दुष्काळासाठी, प्लेगसाठी. हिंदुस्थानातल्या मोठ्या घटनांच्या तारा साम्राज्यभर जात असत.

मराठीत हात आखडतो. एशियाटिकचा संग्रह, इंटरनेट आर्काइव्ह आणि नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया इथे नियतकालिकं विखुरलेली आहेत. साने गुरुजींवर काम असेल तर 'साधना'चे १५ ऑगस्ट १९४८ पासूनचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. पण गुरुजींनी अमळनेरहून १९३८ मध्ये काढलेलं 'काँग्रेस' साप्ताहिक हा वेगळा विषय. तिथे प्रत्यक्ष ग्रंथालयांचे उंबरठे झिजवायची तयारी ठेवा.

खानदेशातून निघणाऱ्या जुन्या पत्रांचं काय? ती ऑनलाइन नाहीतच का?

फार थोडी. धुळ्याचं 'खानदेश वैभव', जळगावची 'प्रबोधचंद्रिका' ही नावं तुम्ही वाचली असतील. त्यांचे सलग अंक घरबसल्या मिळतील ही आशा सोडा. पण मागच्या दारानं जाता येतं.

इंग्रज सरकारला देशी भाषांतली पत्रं काय लिहितात याची धास्ती असे. म्हणून मुंबई इलाख्यातल्या देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी सारांश दर आठवड्याला तयार होऊन वरिष्ठांकडे जाई. 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' असं त्याचं नाव. त्याच्या सुरुवातीला पत्रांची यादी असते: पत्राचं नाव, गाव, साप्ताहिक की मासिक, खप, आणि पुष्कळदा संपादकाचं नाव, जात आणि वयसुद्धा. मूळ अंक वाळवीनं खाल्ला असला तरी त्यातल्या एखाद्या अग्रलेखाचा गोषवारा इथे टिकून राहिलेला असतो. यातले काही खंड स्कॅन होऊन उपलब्ध आहेत. एक सावधगिरी घ्या. हा अनुवाद सरकारी कारकुनाच्या टेबलावरून आलेला आहे. सरकारला जे खटकलं तेच त्यात आहे. संपादकानं पिकपाण्यावर, नाटकावर, गावच्या जत्रेवर काय लिहिलं ते त्यात शोधू नका.

मूळ अंकांसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, जळगावचं व. वा. वाचनालय इथे जाऊन विचारा. जाताना मार्गदर्शकाच्या सहीचं पत्र न्या आणि कोणती वर्षं हवीत ते लिहून न्या. "जुने पेपर आहेत का?" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं.

नंदुरबार-नवापूरच्या मुलांना एक जास्तीचं सांगते. तुमच्याकडचा व्यापार सुरतेकडे बघणारा. गुजराती वाचता येत असेल तर १८२२ पासून चालू असलेल्या 'मुंबई समाचार'चा विचार करा. वर्गातल्या कोणालाही सुचलेलं नसतं, आणि तुमच्या घरात आजीला ती लिपी येत असते.

घटनेची तारीख माहीत आहे. त्याच तारखेचा अंक बघू ना?

त्या तारखेचा नको, पुढचे दहा दिवस बघा. दैनिकात बातमी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तालुक्याची असेल तर आणखी उशिरा, आणि साप्ताहिकात आठवडा उलटून. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. हे शोधताना आणखी दोन अडचणी येतात. एकतर त्या महिन्यांत वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते, काही पत्रं बंदच होती. दुसरं, आज आपल्याला तोंडपाठ असलेलं नाव पहिल्या तारेत असेलच असं नाही. तेव्हा 'शिरीषकुमार' बरोबर 'नंदुरबार' आणि 'गोळीबार' हे शब्द टाका, आणि नंतरच्या महिन्यांतल्या चौकशीच्या, सभांच्या बातम्याही धुंडाळा.

जुन्या मराठी अंकांवर शके असतो. शकात ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीचा दिवस असेल तर ७९. फैजपूरचं अधिवेशन शके १८५८ मधलं, असं ताडून बघा. गुजराती पत्रांत विक्रम संवत असतो. त्यातून ५६ वजा करा, दिवाळी ते डिसेंबर असेल तर ५७.

मी 'क्रांतिकारकांनी खजिना लुटला' असं शोधतोय...

आणि छापलंय 'दरोडा'. १४ एप्रिल १९४४ ला साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी आजच्या धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. आपण त्याला क्रांतिकार्य म्हणतो, पण त्या वेळच्या सरकारधार्जिण्या पत्रात हा शब्द कुठून येणार? भिल्लांचा 'उठाव' शोधायचा तर 'बंड', 'दंगा', 'लूटमार' हेही शब्द टाका. १९१८ च्या साथीला 'इन्फ्लुएंझा' म्हणा, नुसतं 'ताप' म्हणा, 'मानमोडी' हा शब्द तर विसरूच नका. आपल्याला न आवडणारे, अपमानकारक शब्दही शोधात टाकावे लागतात. प्रबंधात ते अवतरणात द्या आणि कोणाचे आहेत ते सांगा.

कापसाच्या भावांचा तक्ता करायचा आहे. आकडे सरळ उतरवून घेऊ का?

घ्या, पण एकक लिहिल्याशिवाय एकही आकडा घेऊ नका. मुंबईच्या कापूसबाजारातली खंडी ७८४ पौंडांची. धान्याची खंडी वेगळी, मण तर गावोगाव वेगळा. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपया-आणे-पै: सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. म्हणजे १२-८-० याचा अर्थ साडेबारा रुपये. आमच्या एका विद्यार्थ्यानं ते एक्सेलमध्ये घातलं आणि संगणकानं त्याची तारीख करून टाकली. चार महिने तो भाव १२ ऑगस्टला अडकून बसला होता. रुपये, आणे, पै यांचे तीन वेगळे रकाने करा.

आणि बाजारभावात 'खानदेश' हे नाव दिसलंच नाही तर 'उमरा' बघा. खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस व्यापारात त्या नावाखाली जाई.

किती कात्रणं जमवली म्हणजे पुरे?

गाइडला विचारा. माझं मत विचाराल तर पन्नास वाचलेली कात्रणं ही पाचशे डाउनलोड केलेल्यांपेक्षा बरी. दहा वर्षांचं वर्तमानपत्र वाचणं शक्य नसेल तर नमुना काढा: एका आठवड्याचा सोमवार, पुढच्याचा मंगळवार, त्यापुढच्याचा बुधवार, असं. फक्त रविवारचे अंक घेतलेत तर निष्कर्ष रविवारासारखेच निघतील, पुरवणीनं फुगलेले.

संदर्भ कसा द्यायचा? नुसती लिंक दिली तर?

नुसती लिंक म्हणजे पत्ता न लिहिता 'मारुतीच्या पारामागे' सांगण्यासारखं. पार पाडला की संपलं. वर्तमानपत्राचं नाव, प्रकाशनाचं गाव, पूर्ण तारीख, पान, स्तंभ, मथळा, मग संग्रहाचं नाव, लिंक आणि तुम्ही ती पाहिलेली तारीख. आवृत्ती कळत असेल तर तीही, कारण शहर आवृत्ती आणि बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती यांत एकच बातमी वेगळ्या पानावर असू शकते.

पान क्रमांकाबद्दल माझीच फजिती सांगते. माझ्या लघुप्रबंधात मी एका संदर्भाला 'पान ११३' लिहिलं. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "बाई, हे वर्तमानपत्र होतं की पोथी?" अख्ख्या महिन्याची एक फाइल स्कॅन केलेली होती आणि मी पडद्यावर दिसणारा चित्राचा क्रमांक लिहून मोकळी झाले होते. छापील पान होतं पाचवं. तेव्हापासून मी पानाच्या कोपऱ्यातला छापील आकडा आधी बघते.

एआयला विचारलं तर त्यानं तारखेसह बातमीच दिली. वापरू का?

ती बातमी त्या अंकात स्वतः उघडून पाहिलीत का? नसेल तर नाही. या यंत्रांना अस्सल वाटणारा मथळा, तारीख, पान क्रमांक रचून देता येतो. मागच्या सत्रात एकानं आणलेल्या सहा संदर्भांपैकी एकही अंकात सापडला नाही. शब्द सुचवायला मात्र एआयचा उपयोग होतो. 'दुष्काळासाठी शंभर वर्षांपूर्वी कोणकोणते शब्द वापरत?' असं विचारा आणि ते शब्द घेऊन संग्रहात जा.

कॉपीराइटचं काय?

अभ्यासासाठी उतारा घेणं, स्वतःपुरती प्रत काढणं याला कायद्यात मुभा आहे. पुस्तक छापायचं, अख्खं पान चित्र म्हणून द्यायचं असेल तर प्रश्न येतो. भारतीय कायद्यानं निनावी मजकुराचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं, नाव असलेल्या लेखकाचा त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. शिवाय स्कॅन करणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या अटी असतात, त्या वाचा.

पाच-सात वर्षांपूर्वीची ऑनलाइन बातमी होती, आता लिंक उघडत नाही.

वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ती लिंक टाकून बघा. कोणी जतन केली असेल तर मिळेल. आणि इथून पुढे कामाची बातमी दिसली की त्याच दिवशी तिथे स्वतः जतन करा आणि एक पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवा. ई-पेपर तर काही दिवसांनी वर्गणीच्या कुलपाआड जातो. 'नंतर बघू' म्हणून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवलेल्या लिंकांवर कोणाचाही प्रबंध उभा राहिल्याचं मी पाहिलेलं नाही.

घरी माळ्यावर आजोबांचे जुने अंक आहेत. आई म्हणते रद्दीत घाला.

आईला म्हणावं, दोन दिवस थांब. आधी कोणत्या पत्राचे, कोणत्या वर्षांचे ते एका वहीत उतरवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. घडी जिथे फाटत आली आहे तिथे ती पुन्हा त्याच रेषेवर घालू नका. सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, खिडकीपाशी पांढऱ्या चादरीवर एकेक पान पसरून मोबाइलनं फोटो काढा: आधी अख्खं पान, मग चार कोपरे. फाइलला नाव देताना वर्ष, महिना, दिवस, पान असं द्या, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. आणि माळ्यावरून काढलेलं पोतं थेट आमच्या ग्रंथालयात आणू नका, आधी अंगणात झटका. गेल्या खेपेला एकाच्या पोत्यातून वाळवी आली आणि मला संदर्भ विभागाची दोन कपाटं रिकामी करावी लागली.